पेनड्राइव्ह चालू झाला, पण बॅकअप कुठाय?

एप्रिल-मे म्हणजे आमच्या किनाऱ्यावर दोन गोष्टींचा सीझन, आंबा आणि बंद पडलेले कॉम्प्युटर. उकाडा, सारखी ये-जा करणारी लाईट, संध्याकाळी वळवाचा गडगडाट, आणि त्यात वर्षभर कोपऱ्यात धूळ खात पडलेला सीपीयू एकदम दिवसाला बारा तास चालवायचा, मग तो कुरकुरणारच. ह्या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज बरेचसे एकाच गाऱ्हाण्याचे आहेत, बॅकअप होता, पेनड्राइव्ह होता, तरी मशीन उठलं नाही. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, प्रिंटरवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : आमची देवगडजवळ हापूसची बाग आणि छोटं पॅकिंग आहे. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर (विंडोज १०, १ टीबीची हार्डडिस्क) बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, ट्रान्सपोर्टचे हिशोब सगळं. दिवाळीत पुतण्या आलेला, त्याने एक्सटर्नल डिस्कवर अख्ख्या कॉम्प्युटरची 'सिस्टिम इमेज' घेऊन ठेवली आणि १६ जीबीचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून दिला, म्हणाला काका काही झालं तर ह्याच्यावरून उठवायचं. गेल्या आठवड्यात वीज कडाडली, लाईट गेली-आली, आणि मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. आतून टक टक आवाज. तालुक्याच्या दुकानात नेलं, त्यांनी डिस्क गेली म्हणून ४८० जीबीचा एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, बसवला आणि विचारलं फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देऊ काय, मी नको म्हटलं, बॅकअप आहे आमच्याकडे. घरी पेनड्राइव्ह लावला, निळा स्क्रीन आला, सिस्टिम इमेज रिकव्हरी दाबलं तर म्हणतो इमेज सापडत नाही. एक्सटर्नल लावलेली आहे, दिवा लुकलुकतोय. पुतण्या जहाजावर नोकरीला, तो आता समुद्रात. मशीनचं घड्याळ पण २०१२ साल दाखवतंय, ते वेगळंच. पेट्या भरून उभ्या आहेत, आता काय करूचा ता सांगा. (एक बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : काका, तुम्हाला अंकाची वाट बघायला लावली नाही, फोनवर बोलणं झालंच, पण तुमच्या एका केसमध्ये जेवढे खड्डे आहेत तेवढे एका वेळी सहसा सापडत नाहीत, म्हणून सगळ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

आधी दुकानदाराला नको म्हणालात ते बेस्ट केलंत. आणि ती टक टक करणारी जुनी डिस्क त्यांच्याकडून परत मागून घेतलीत तेही बरं. टक टक म्हणजे आतलं हेड जागेवर बसत नाहीये, आपटतंय, अशा डिस्कला 'एकदा लावून बघू' म्हणून पुन्हा पुन्हा करंट द्यायचा नाही, प्रत्येक वेळी आत थोडं जास्त खरवडलं जाऊ शकतं. कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. दिवाळीनंतरची बिलं कुठेच मिळाली नाहीत तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायला तीच लागेल. आवाज नसता तर मी आधी वेगळं सांगितलं असतं, डिस्कची केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट बसवा म्हणून. आमच्या खाऱ्या हवेत पिना अशा काळवंडतात की धडधाकट डिस्क मेलेली वाटते, आणि रॅम तर खोडरबराने घासून परत लावली की चालू झाली हे इथल्या प्रत्येक रिपेअरवाल्याने शंभरदा केलेलं असतं.

आता पेनड्राइव्ह. इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की आधी तो काढतो. रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये तुमचं काहीही नसतं. एकही बिल नाही, एकही फोटो नाही. तो म्हणजे नुसती चावी, मेलेल्या मशीनला एवढं जागं करतो की ते एक्सटर्नल डिस्कवरची इमेज वाचू शकेल. माल सगळा एक्सटर्नलवर. म्हणूनच निळ्या स्क्रीनवर 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' असं एक आकर्षक बटण दिसतं ना, ते दाबायचं नाही, कारण त्याने पेनड्राइव्हवरचं कोरं विंडोज बसतं, तुमचा बॅकअप नाही. आपल्याला जायचंय ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे दिसलं नाही तर 'सी मोअर रिकव्हरी ऑप्शन्स', आणि मग सिस्टिम इमेज रिकव्हरी. काका तिथपर्यंत बरोबर पोचले होते.

मग इमेज का सापडेना? फोनवर मी एवढंच विचारलं की एक्सटर्नल दुसऱ्या लॅपटॉपला लावा आणि उघडल्या उघडल्या काय काय दिसतं ते वाचून दाखवा. काकांनी वाचलं, 'लग्नाचे फोटो', 'बागेचे सातबारे', 'दिवाळी बॅकअप'. म्हटलं दिवाळी बॅकअपच्या आत? तर आत 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचं फोल्डर. झालं! सूनबाईंनी मार्चमध्ये डिस्क आवरली होती, इकडे तिकडे पडलेलं फोल्डर नीट एका फोल्डरात घालून ठेवलं. घरातल्या माणसाने चांगल्या मनाने केलेलं काम, पण विंडोजला ते फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवरच लागतं, कुठल्याही दुसऱ्या फोल्डरच्या आत नाही, आणि नाव इंग्रजीत जसंच्या तसं, मध्ये जागा न सोडता. नावात एक अक्षर बदललं किंवा पुढे 'जुना' लिहिलं की संपलं, ते त्याला दिसतच नाही. त्याच्या आत कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत तारखेचं, तेही हलवायचं नाही. कट करून बाहेर पेस्ट केलं, परवानगी मागितली तिथे कंटिन्यू म्हटलं. एकाच डिस्कवर कट-पेस्ट असलं की १४० जीबी असो नाहीतर १४ जीबी, दोन सेकंदात होतं.

दुसरा लॅपटॉप नसेल तर एक जुगाड आहे. त्याच निळ्या स्क्रीनवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर मारा, नोटपॅड खरंच उघडतं. मग फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आणि समोर सगळ्या डिस्का दिसतात. इथे घाबरायचं नाही, तुमची सी ड्राइव्ह तिथे डी किंवा ई म्हणून दिसू शकते, पेनड्राइव्हवरून उठल्यावर अक्षरं नव्याने वाटली जातात.

परत पेनड्राइव्ह लावला, ह्या वेळी इमेज दिसली, दिवाळीची तारीख दिसली, काका खूश, नेक्स्ट, नेक्स्ट, आणि फाट. म्हणतो इमेज घेतलेल्या मशीनचं फर्मवेअर (मशीन उठवणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम) ईएफआय होतं आणि हे मशीन बायोसवर आहे, जमणार नाही. काका म्हणाले अरे पण मशीन तेच आहे! आता ते २०१२ सालचं घड्याळ आठवा. मदरबोर्डवर एक बटणासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, किराणा दुकानातही मिळतो. तो मेला की मशीनची लाईट गेली रे गेली की घड्याळ मागे जातं आणि बायोसमधल्या सेटिंग परत कंपनीतून आलेल्या अवस्थेत जातात. काकांच्या मशीनमध्ये ती मूळ अवस्था म्हणजे लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचं बूटिंग. आणि दिवाळीतली इमेज यूईएफआय, म्हणजे स्क्रीनवरचं तेच ईएफआय, नव्या पद्धतीची. मशीन तेच, पण ते उठलं चुकीच्या कुशीवर.

ह्याला उपाय सोपा. नवा सेल घाला, बायोसमध्ये जाऊन यूईएफआय चालू करा, तारीख नीट करा. मग बूट मेनू, म्हणजे कशावरून उठायचं ते विचारणारी यादी, उघडा. डेल, लेनोव्हो, एसरला बहुतेक एफ १२, एचपीला एस्केप दाबून एफ ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप आणि डेस्कटॉपला एफ ८, मशीन चालू केल्या केल्या टपटप मारत राहायचं, एकदा हळुवार दाबून बघू असं नको. त्या यादीत तोच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहिलेला. लोकांना वाटतं दोन्ही सारखेच, कुठलाही घ्या. सारखे नाहीत! ज्या पद्धतीची इमेज त्याच पद्धतीचा घ्यायचा, आणि गेल्या दहाएक वर्षांतलं मशीन असेल तर बहुतेक यूईएफआयवाला.

तिसरा खड्डा मला पत्र वाचतानाच दिसला होता पण काकांना एका दिवशी तीन वाईट बातम्या कशाला म्हणून थांबलो. जुनी डिस्क १ टीबी, नवा एसएसडी ४८० जीबी. डेटा तर १४० जीबीच आहे, मग बसायला काय हरकत, असं कुणालाही वाटेल. पण विंडोजची ही इमेज रिकव्हरी डेटा किती आहे ते बघत नाही, डिस्क केवढी होती ते बघते, आणि नवी डिस्क जुनीच्या एवढी किंवा मोठी नसेल तर सरळ सांगते की योग्य डिस्क सापडत नाही. एक पावशेर चहापावडर होती पण डबा पाच किलोचा होता म्हणून नवा डबाही पाच किलोचाच हवा, असा तो हट्ट आहे. आणि इथे दुकानातून वस्तू आणणाऱ्यांनी लक्ष द्या, ९६० जीबीचा एसएसडी म्हणजे १ टीबी नव्हे, ४८० चा म्हणजे ५०० नव्हे. 'तेवढंच असतं हो' असं सांगून देतात, रिस्टोअरच्या वेळी तेवढंच नसतं. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ते वेगळं, ती मोजायची पद्धत वेगळी, त्यात कुणी फसवलेलं नाही.)

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे एसएसडीवर कोरं विंडोज टाकायचं आणि इमेजमधली मोठी फाइल, शेवटी व्हीएचडीएक्स लिहिलेली, ती नुसती ड्राइव्हसारखी उघडायची, विंडोज ८ पासून पुढे ते जमतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अटॅच व्हीएचडी' म्हणून आणि 'रीड-ओन्ली'ला टिक करून, म्हणजे चुकून काही खोडलं जात नाही. त्यातून बिलं, फोटो, एक्सेल सगळं कॉपी होतं. पण प्रोग्राम परत टाकायला लागतात, प्रिंटर, बिलिंग, बारकोड, सगळं नव्याने. ऐन सीझनमध्ये मी हे नको म्हटलं.

दुसरा रस्ता काकांच्याच भिंतीवर टांगलेला होता. मी विचारलं घरात दुसरी १ टीबीची डिस्क नाही का कुठे, नाही म्हणाले, मग म्हटलं बागेवर सीसीटीव्ही आहे ना, त्याच्या रेकॉर्डरच्या डब्यात काय आहे? उघडून बघितलं, १ टीबी, साटाचीच, म्हणजे सीपीयूतल्याच केबलला लागणारी. सीझन संपेपर्यंत रेकॉर्डिंग बंद, बागेत राखणीला माणसं आहेतच. ती डिस्क सीपीयूत घातली, एसएसडी काढून बाजूला ठेवला. हे काढून ठेवणं महत्त्वाचं आहे, रिस्टोअर करताना ज्या डिस्कवर करायचं ती आणि बॅकअपची एक्सटर्नल ह्यांच्याशिवाय दुसरं काहीही जोडलेलं ठेवू नका, कारण पुढच्या पानावर 'फॉरमॅट अँड रीपार्टिशन डिस्क्स' असतं आणि चुकीच्या डिस्कवर ते फिरलं की रडून उपयोग नाही. सीसीटीव्हीवरचं जुनं रेकॉर्डिंग त्यात जाणार हे काकांना आधी सांगितलं होतं.

आणि एक्सटर्नल मागच्या निळ्या यूएसबीला लावा म्हटलं. पुढचं काळं यूएसबी २.० होतं, तिथे सेकंदाला ३०-३५ एमबी मिळाले तरी खूप, म्हणजे १४० जीबीला सव्वा तास. निळ्यावर तेच साधारण अर्ध्या तासात. मध्ये लाईट गेली तर? इमेजला काही होत नाही, ती फक्त वाचली जातेय, पण रिस्टोअर अर्धवट राहतं आणि पहिल्यापासून करावं लागतं. काकांकडे इन्व्हर्टर होता.

पस्तीस मिनिटांनी फोन आला, आवाज बघण्यासारखा, म्हणजे ऐकण्यासारखा होता. स्क्रीनवर दिवाळीचा कंदील असलेला वॉलपेपर, कोपऱ्यात पुतण्याने ठेवलेली नोट, प्रिंटर जसाच्या तसा. विंडोजने ॲक्टिव्हेशनचंही काही विचारलं नाही, ते मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली म्हणून जात नाही. फक्त बिलबुक दिवाळीपाशी थांबलेलं. पुढची सगळी बिलं गेली की काय? सगळी नाहीत. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ काकांच्या फोनमध्येच होत्या, पल्पच्या व्यापाऱ्यांची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या रिटर्नमध्ये नंबरानिशी होती, आणि उरलेली कार्बनच्या पुस्तकात. सूनबाई रोज रात्री वीस-वीस भरतायत. सीझन संपला की १ टीबीचा एसएसडी घ्या नाहीतर त्याच ४८० वर क्लोनिंग सॉफ्टवेअरने फक्त वापरलेला भाग उतरवून घ्या, आणि सीसीटीव्हीची डिस्क रेकॉर्डरला परत द्या. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ते पावसाळ्यात निवांत बघू.

प्रश्न : माझा लॅपटॉप अपडेटनंतर सारखा रीस्टार्ट होत होता म्हणून मुलाने सांगितल्याप्रमाणे पेनड्राइव्हवरून चालू केला. तर तो ४८ आकडी नंबर मागतो. मी असा नंबर कधी टाकलेलाच नाही. हा व्हायरस तर नव्हे? (एक निवृत्त शिक्षिका, दापोली)

उत्तर : नाही बाई, व्हायरस नाही, ते बिटलॉकर. डिस्कला कुलूप आहे आणि रोज ते लॅपटॉप आपलं आपण उघडतो, तुम्हाला कळतही नाही. पेनड्राइव्हवरून उठवलं की त्याला वाटतं कुणी परका आला, मग तो किल्ली मागतो. तुम्ही कुलूप लावलं नसेल, पण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून लॅपटॉप सुरू केला असेल तर बऱ्याच नव्या मशीनवर ते आपोआप लागतं.

चांगली गोष्ट अशी की तसं असेल तर किल्लीही त्याच अकाउंटमध्ये आपोआप जाऊन बसलेली असते. मोबाइलवरून त्या ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप आणि त्याखाली बिटलॉकरची माहिती असेल. तिथे दोन-तीन किल्ल्या दिसल्या तर गोंधळू नका, लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं जिच्याशी जुळतील ती तुमची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत, घाई न करता टाका. बहुतेक वेळा लोक शाळेच्या किंवा मुलाच्या ईमेलने लॉगिन केलेलं विसरलेले असतात, तिथेही शोधा.

किल्ली कुठेच सापडली नाही तर त्या डिस्कवरचं काही परत मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो, आणि 'आम्ही उघडून देतो' म्हणणारा दुकानदार शेवटी फॉरमॅटच मारतो. मात्र तुमच्याकडे आधीचा बॅकअप एक्सटर्नलवर असेल तर 'स्किप धिस ड्राइव्ह' म्हणून पुढे जा आणि ती इमेज लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा. उतरवल्यावर कुलूप निघालेलं असतं, ते सेटिंगमधून परत लावा. आणि ह्याचीच दुसरी बाजू, कुलूप लावलेल्या लॅपटॉपची ही इमेज एक्सटर्नलवर बिनकुलपाची उतरते, तेव्हा ती डिस्क येता-जाता कुणाच्या हाती लागेल अशी टेबलावर ठेवू नका.

प्रश्न : माझ्याकडे रिकव्हरी पेनड्राइव्ह नाही, वहिनीचा आहे, तिच्या लॅपटॉपवर बनवलेला. चालेल का? (कणकवली)

उत्तर : मशीन उठवून इमेज रिस्टोअर करायला चालेल, दोघांचं विंडोज ६४ बिटचं असलं की झालं. फक्त मघाशी म्हटलं तो 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' दाबलात तर वहिनीच्या लॅपटॉपचं विंडोज तुमच्यात घुसायला बघेल. तिचाही नसेल तर कुठल्याही चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो, त्यावरून उठवलं की 'इन्स्टॉल नाऊ'चं पान येतं, ते न दाबता खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' असतं ते दाबायचं, पुढे रस्ता तोच. पेनड्राइव्ह बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे वहिनीला आधी सांगा.

प्रश्न : आमच्या होमस्टेचा लॅपटॉप (इंटेल ११ वी जनरेशन) पेनड्राइव्हवरून चालू होतो, इमेजही दिसते, पण आतली डिस्कच दिसत नाही. दुकानात म्हणाले डिस्क उडाली. पण बायोसमध्ये तिचं नाव दिसतं! (मालवणजवळ)

उत्तर : बायोसमध्ये नाव दिसतंय तर दुसरी डिस्क घ्यायच्या आधी हे करून बघा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची भानगड असते, डिस्क तिच्या आड बसते आणि पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसला की समोर असूनही दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो झिपसारखा उघडून फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाका, आणि इमेज रिकव्हरीच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इन्स्टॉल अ ड्रायव्हर' आहे तिथून द्या. डिस्क प्रकट होते. काही जण बायोसमध्ये व्हीएमडीच बंद करायला सांगतात, तेही चालतं, पण मग रिस्टोअर झालेलं विंडोज उठताना निळा स्क्रीन देऊन आडवं पडू शकतं कारण ते व्हीएमडी चालू असताना घेतलेलं होतं. ड्रायव्हरचा रस्ता बरा.

प्रश्न : एक्सटर्नल डिस्क सीपीयूच्या बाजूलाच खणात असते, चालेल ना? (चिपळूण)

उत्तर : चिपळूणहून हा प्रश्न यावा! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत चढलं तेव्हा एका ओळखीच्यांचा सीपीयू आणि त्याखालच्या खणातली बॅकअपची डिस्क दोन्ही एकदमच चिखलात गेली. मी स्वतः ती डिस्क नळाखाली धरलेली आहे, त्यातून गाळ निघत होता. वरच्या मजल्यावर ठेवा, आणि दुसरी एक कॉपी गावाबाहेर, बहिणीकडे, मुलाकडे कुठेही. हवाबंद स्टीलचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात महिन्याने एकदा तरी काढून चालवायची.

प्रश्न : पेनड्राइव्ह बनवला, इमेज घेतली. पण हे खरंच चालणार का ते काही न बिघडवता बघता येतं का? (रत्नागिरी)

उत्तर : येतं, आणि हा प्रश्न आधी आला असता तर वरची दोन पानं वाचली असती. पेनड्राइव्हवरून नुसतं उठवल्याने मशीनवरचं काही बदलत नाही. एखाद्या रविवारी बिटलॉकरची किल्ली हाताशी ठेवा, एक्सटर्नल लावा, बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा, सिस्टिम इमेज रिकव्हरीपर्यंत जा. तिथे इमेजची तारीख दिसली की थांबा. नेक्स्ट नाही, कॅन्सल. बाहेर पडून पेनड्राइव्ह काढा, मशीन नेहमीसारखं चालू होईल. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ह्या दहा मिनिटांत पेनड्राइव्ह उठतो का, कुठलं बटण दाबायचं, फोल्डर जागेवर आहे का, सगळं कळतं. देवगडच्या काकांचं फोल्डर मार्चमध्येच सापडलं असतं.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. तीन वर्षांपूर्वी माझ्याच दुकानातलं मशीन गेलं, मी ऐटीत खणातला रिकव्हरी पेनड्राइव्ह काढला, लावला, एफ १२ मारत बसलो, काही नाही. परत, काही नाही. शेवटी लॅपटॉपला लावून बघितला तर आत डबलबारीची भजनं, सत्तेचाळीस. भाच्याला गाडीत लावायला पेनड्राइव्ह हवा होता, त्याने खणातला 'रिकामा' उचलला, फॉरमॅट मारला, भजनं भरली, चतुर्थीला गावी वाजवली आणि इमानदारीने परत खणात आणून ठेवला. भजनं एक नंबर होती, ते सोडा. तो पेनड्राइव्ह मी त्यालाच देऊन टाकला, अजून गाडीत वाजतो. मी नवा बनवला आणि त्याला लाल दोरा बांधून एक्सटर्नलच्याच डब्यात ठेवलाय.